सारसाची दोन अंडी आणि माझा सल्ला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, घरीही नाही. सारसाची ती दोन अंडी मामाजींमुळे बुडाली नाहीत. माझ्यामुळे बुडाली.

पाणथळ जागा आणि तिथले पक्षी वाचवायचे, त्यासाठी शेतकऱ्यांचं मत विचारायचं, अशी माझी नोकरी. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यात मोटरसायकलवर गावोगाव फिरतो. मत विचारायचं, हे कागदावर. प्रत्यक्षात मीच बोलायचो आणि शेतकरी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत माझं बोलणं संपायची वाट पाहायचे.

मामाजी म्हणजे साठीतले एक शेतकरी. सगळं गाव त्यांना मामाजीच म्हणतं. त्या वर्षी धानाची रोवणी झाल्यावर सारसाच्या जोडीनं त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, घरटं केलं. तेही त्यांचाच धान उपटून.

"हे पाखरू बी पाहून-पाहून आमच्याच बांधीत आलं," मामीजी म्हणाल्या. "शेजाऱ्याचा धान कडू लागते का त्याले?"

पण दोघांनी घरट्याजवळ कुणाला फिरकू दिलं नाही. मी मामाजींना घरट्याचे राखणदार केलं, एक हिरवी टोपी दिली. ती ते जेवतानाही काढत नसत. "झोपताना काढते का, ते बी विचारा साहेब," मामीजी मला म्हणायच्या, आणि मामाजी लाजून टोपी आणखी खाली ओढायचे.

पोळ्यानंतर दोन मोकाट कुत्री त्या बाजूला दिसायला लागली. मी उपाय सांगितला. बांधीतलं जास्तीचं पाणी खालच्या बांधीत जावं म्हणून धुऱ्याला, म्हणजे बांधाला, एक वाट ठेवलेली असते. ती चिखलानं बुजवा, पाणी खोल राहील, कुत्री घरट्यापर्यंत पोचणार नाहीत. मामाजींनी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि वाट बुजवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी धो-धो पाऊस लागला. मी गोंदियाला ऑफिसात होतो. मामाजींचा फोन आला.

"साहेब, पाणी वाढून राहिलं. वाट उघडू का?"

"उघडू नका. कुत्री येतील."

"एवढ्या पाण्यात कुत्रं कायले येते? आंघोळीले?"

मला हसू यायला हवं होतं. राग आला. "मामाजी, पाणी चढलं की सारस घरटं उंच करतो. पक्ष्याला कळतं ते."

"पाखराले कळते, मान्य. पन त्याच्यापाशी फावडं नाही ना, साहेब. माझ्यापाशी आहे."

"मी सांगतो ना, उघडू नका."

"बरं," ते म्हणाले. आयुष्य धानाच्या पाण्यात गेलेला माणूस माझ्या शब्दाखातर फावडं घेऊन धुऱ्यावर नुसता उभा राहिला. हे मला नंतर मामीजींनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो, तेव्हा घरटं पाण्याखाली होतं.

आठवड्यानं गावच्या शाळेत बैठक झाली. आसपासच्या जमीनमालकांनी घरट्यांसाठी धानाचा तुकडा सोडावा का, हे ठरवायचं होतं. आमचे मोठे साहेब गोंदियाहून आले होते. त्यांनी पहिलंच विचारलं, "वो अंडों का क्या हुआ?"

मी म्हणालो, "मामाजींनी पाण्याची वाट बुजवून ठेवली होती."

या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. ते मी येताना रस्त्यातच जुळवलं होतं.

मग मोठ्या साहेबांनी, ज्यांनी जन्मात धान रोवला नाही, मामाजींना धानातलं पाणी कसं सांभाळायचं ते समजावून सांगितलं. मामाजी "हो जी, हो जी" म्हणत राहिले. एकदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत काहीतरी लिहिण्याचं नाटक केलं. राखणदारी आणि टोपी दुसऱ्याकडे गेली.

तेव्हापासून गोरेगावच्या बाजारात त्यांना पाहिलं की कुणीतरी ओरडतंच, "मामाजी, कोंबडीचे घेऊन जा, हे बुडत नाहीत!" मामाजीही हसतात. मी एकदा सोबत होतो. मीही हसलो.

परत येताना मी कसंबसं विचारलं, "तुम्ही त्या दिवशी बैठकीत बोलला काऊन नाही?"

"तुमची नौकरी आहे, साहेब. माझी त शेती आहे, तिच्यातून मले कोन काढन?" मग जरा थांबून म्हणाले, "पन यंदा जोडी आली, त वाट कोनाले विचारून उघडू, तेवढं सांगून ठेवा."

जोडी आली. त्यांच्याच बांधीत आली. यंदाच्या बैठकीत राखणदाराचं नाव निघालं, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "कोनालेही करा, मामाजीले सोडून." सगळे हसले. ज्याला टोपी गेली होती तोच राखणदार कायम झाला, आणि आता मामाजींच्या स्वतःच्या बांधीत दुसरा माणूस राखण करतो. यादी मीच लिहिली.

हे इथं लिहून माझं देणं फिटत नाही. मामाजींच्या गावात हे कुणी वाचणार नाही. त्या शाळेच्या खोलीत, त्याच माणसांसमोर, मोठे साहेब बसलेले असताना, 'वाट मी बुजवायला लावली, आणि मामाजी उघडू म्हणत होते तेव्हा मी नाही म्हणालो' एवढं सांगणं मी त्यांचं अजून देणं लागतो.