आधी यशूला देऊन बघू

माझी मुलगी वाचत होती आणि चार बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

ऐकत कुणीच नव्हतं. नुसत्या बघत होत्या. ती थांबली की एकमेकींना डोळ्यांनी काहीतरी विचारायच्या. पाचव्या मजल्यावरच्या बाईंच्या मांडीवर छोटी डायरी होती. यशू एका ओळीवर अडखळली तेव्हा त्यांनी त्यात काहीतरी लिहिलं.

मुलुंडला ज्या घरी मी दोन्ही वेळचा स्वयंपाक करते, त्या घराचा हॉल. शनिवारची दुपार. यशूला मधे वेताच्या मोढ्यावर बसवलेलं. मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. आतल्या खोलीत त्या चौघींची मुलं कार्टून बघत होती. त्या खोलीचं दार बंद होतं. बाहेरून कडी घातलेली.

आणि मी हसत होते. हे आधी लिहिते, कारण याचीच लाज सगळ्यात जास्त वाटते. माझी तिसरीतली पोर एवढ्या शिकलेल्या बायकांसमोर घडाघडा वाचते आहे, म्हणून मी ट्रे धरून हसत होते.

त्या घरच्या वहिनी बिल्डिंगमधल्या मुलांसाठी वाचनाचा वर्ग घेतात. दर शनिवारी. त्याच आठवड्यात मी पोळ्या लाटत असताना त्या म्हणाल्या, "मावशी, शनिवारी यशूला आणाल का? छान वाचते ना ती. आमच्यात बसून वाचू दे की." माझं वय त्यांच्याएवढंच आहे, पण त्या मला मावशी म्हणतात. मी म्हटलं, "आणते की." माझा आनंद पोटात मावेना. तिचा जयंतीचा निळा फ्रॉक धुतला, शेजारणीकडून इस्त्री आणून फिरवली. दोन वेण्या, दोन रिबिनी. भांडुपहून येताना रिक्षात तिला सांगत होते, मोठ्याने वाच, घाई करू नको, स्वल्पविराम आला की थांब.

पुस्तक पातळसं होतं, चित्रांचं. जुन्या काळातली एक मुलगी. गावाबाहेर खालच्या अंगाला तिची वस्ती. ती घागर घेऊन विहिरीपाशी जाते, पण दोराला हात लावायची तिला बंदी. कुणीतरी येईल आणि वरून पाणी ओतेल म्हणून भर उन्हात उभी राहते. एक बाई येते, लांबून ओतते, अर्धं पाणी मातीत जातं.

यशू त्या चित्रावर थांबली. मान वर केली आणि मला विचारलं, "आई, हिची वाडी आपल्या गावच्या वाडीसारखीच आहे. हे आपलं आहे का?"

चौघी माझ्याकडे वळल्या. डायरीवरचं पेन थांबलं.

मी म्हटलं, "नाही गं. जुनी गोष्ट आहे. वाच पुढे."

ती पुढे वाचू लागली. शेवटपर्यंत वाचलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पाचव्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "काही झालं नाही बघ हिला. एकदम नॉर्मल."

दुसरी म्हणाली, "अगं, हिचं वेगळं. या मुलांना सवय असते. आपली किती सेन्सिटिव्ह आहेत. फाळणीच्या पुस्तकानंतर माझा आठ दिवस लाइट चालू ठेवून झोपत होता."

"म्हणून तर म्हटलं," वहिनी म्हणाल्या, "आधी यशूला देऊन बघू."

तेव्हा मला कळलं.

बाळाला दूध पाजण्याआधी आपण एक थेंब मनगटावर टाकतो. पोळतंय का बघतो. माझी पोर त्यांचं मनगट झाली होती. आणि तिला इस्त्री करून मीच घेऊन आले होते.

मग थोडी चर्चा झाली. हसणं झालं. यशूसमोरच. ती मोढ्यावर बसून एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी ठरलं, आपल्या मुलांना एवढ्यात नको. पाचवीत गेल्यावर बघू. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी डायरी मिटली आणि मला म्हणाल्या, "मावशी, तुम्ही मात्र मस्त सांभाळलंत हां. पटकन नाही म्हणालात. कशाला लहान डोक्यात भरवायचं?"

मी म्हटलं, "हो ना."

वहिनींनी ते पुस्तक यशूच्या हातात दिलं, वर दोन चॉकलेटं. "तू ठेव गं. आमच्याकडे नुसतंच पडून राहील." मग आतल्या दाराची कडी काढली. मुलं धावत बाहेर आली. आरवने, वहिनींच्या मुलाने, यशूला विचारलं, "तू काय वाचत होतीस?" वहिनी म्हणाल्या, "काही नाही रे, मोठ्यांचं होतं." यशू आरवपेक्षा चार महिन्यांनी लहान आहे.

वहिनींना मी वाईट म्हणू शकत नाही. म्हणूनच जास्त अवघड आहे. कामाला लागले त्या दिवशी त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या क्षणभर गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "आम्ही काही मानत नाही हां." खरंच मानत नाहीत. माझ्या हातचं जेवतात. त्यांच्याच कपात मला चहा देतात. यशूला आरवचे बूट दिले, रंगपेटी दिली. एवढं सगळं घेतलेलं माणूस तोंड उघडत नाही. मीही उघडलं नाही.

परतताना रिक्षात यशूने विचारलं, "मी चुकले का गं?"

"नाही. छान वाचलंस."

"मग ती मुलं का नव्हती? त्यांना बंद का केलं होतं?"

मी म्हटलं, त्यांचा अभ्यास होता. ती म्हणाली, "कार्टूनचा आवाज येत होता." मी बाहेर बघत बसले.

घरी आल्यावर मी ते पुस्तक माळ्यावर टाकलं. तांदळाच्या डब्यामागे. तिचा हात पोचणार नाही असं. नवरा मरोळच्या कारखान्यातून आला, यशूने त्याला पुस्तकाचं सांगितलं. तो म्हणाला, "दाखव की." मी म्हटलं, "कुठेतरी ठेवलंय." त्याने माझ्याकडे बघितलं आणि हातपाय धुवायला गेला.

आमच्या घरात भिंतीवर फोटो आहे. जयंतीला यशू डीजेपुढे नाचते, घोषणा देते, घसा बसेपर्यंत. पण ती कशासाठी नाचते ते मी तिला नीट कधी सांगितलं नाही. लहान आहे म्हणायचे. कळेल हळूहळू म्हणायचे. ती विचारायची, आई तू चौथीपर्यंतच का शिकलीस? मी सांगायचे, गावात चौथीपर्यंतच शाळा होती. हे खोटं नाही. पण खरंही नाही.

मंगळवारी सकाळी मी तिची वेणी घालत होते. तिची शाळा दुपारची. ती पुढे बसलेली, मी मागे. मधेच म्हणाली, "आई, ती पुस्तकातली मुलगी अंघोळ करत नसेल ना?"

"का गं?"

"म्हणून तर तिला विहिरीला हात लावू देत नव्हते. घाणेरडी असणार. मी पण नसता लावू दिला."

माझा कंगवा तिच्या केसांतच राहिला.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्या चौघींनीही नाही. मी "नाही" म्हटलं होतं, ते आपलं नाही म्हटलं होतं, म्हणून तिने आपलं डोकं चालवलं. ती मुलगी आपली नसेल, तर तिचंच काहीतरी चुकलं असणार. हिशोब बरोबर होता तिचा. माझी पोर विहिरीच्या त्या बाजूला जाऊन उभी राहिली होती. लांबून पाणी ओतणाऱ्या बाईशेजारी. तिला तिथे मी नेलं होतं.

मी म्हटलं, "ती अंघोळ करत होती. मी पण करत होते."

तिने मान वळवायला बघितलं. मी म्हटलं, "सरळ बस, भांग वाकडा होईल." तिचं तोंड पलीकडे होतं म्हणूनच मला सांगता आलं.

मी सांगितलं. चौथीत होते. बौद्धवाडीतून शाळेत जाणाऱ्या आम्ही तिघी, त्यात मी हुशार. वर्गाच्या बाई मला स्वतः म्हणायच्या, तू स्कॉलरशिपला बस. रविवारी सकाळी त्यांच्या घरी शिकवणी असायची. बाकीची पाच मुलं ओटीवर चटईवर बसायची. माझ्यासाठी अंगणात पोतं टाकलेलं असायचं. कुणी काही बोलायचं नाही. पोतं असायचं, मी बसायचे. फळा लांब पडायचा. मी डोळे बारीक करून गणितं उतरवायचे. मला त्याचं काही वाटत नव्हतं, असं मला तेव्हा वाटायचं.

एका रविवारी माझी कंपासपेटी राहिली. अर्ध्या वाटेवरून मागे आले. बाई अंगणात होत्या. काठीच्या टोकाने पोतं बाजूला सारलेलं. बादलीत शेणाचं पाणी. मी बसले होते तेवढ्याच जागेवर त्या शिंपडत होत्या. माझी पेटी पलीकडे दगडावर, तिच्यावरही शिंतोडे.

त्यांनी मला बघितलं. म्हणाल्या, "अगं, सडा घालायचाच होता."

सडा पहाटे घालतात. तेव्हा दहा वाजून गेले होते. मला ते माहीत होतं, मला ते माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

मी म्हटलं, "हो बाई."

पेटी उचलली आणि निघाले. घरी म्हटलं, पोटात दुखतं. परीक्षेला गेले नाही. पाचवीची शाळा शेजारच्या गावात, तासभर चालत. बाबा म्हणाले, मी सोडायला येईन. मी म्हटलं, मला नाही जायचं. बाबा कितीदा विचारायचे, का गं? मी सांगितलं नाही. मला शाळेतून कुणी काढलं नाही. मीच गेले नाही. बाबा गेले तरी त्यांना खरं कारण कळलं नाही. त्यांना वाटलं, पोरीलाच शिकायचं नव्हतं.

वेणी कधीच घालून झाली होती. यशू तशीच बसून होती. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "कंपासपेटी धुतलीस का मग?"

"धुतली."

"तू धुतलीस? त्यांनी धुवायला पाहिजे होती."

मग तिने विचारलं, "तू त्यांना काहीच नाही बोललीस?"

"नाही."

"शनिवारी पण नाही बोललीस."

आठ वर्षांची आहे. माझ्याकडे बघून बोलली, मोठ्याने नाही, रागाने नाही. मी उठून माळ्यावरचं पुस्तक काढलं आणि तिच्या दप्तरात ठेवलं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट डोक्यात घोळवते आहे. वहिनी आणि त्यांच्या मैत्रिणी विचार करतात की मूल तयार आहे का. मीही तेच म्हणत होते. पण मी आरवपेक्षा जेमतेम वर्षाने मोठी होते तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, तू तयार आहेस का? शेणाचं पाणी विचारून पडलं नाही. उद्या यशूलाही कुणीतरी आडनाव विचारेल आणि क्षणभर गप्प बसेल. ते काय होतं हे तिला आधी माझ्याकडून कळलेलं असलं पाहिजे, नाहीतर ती स्वतःलाच हुंगून बघेल. मी बघितलं होतं. त्या रविवारी वाटेवर थांबून मी फ्रॉकचा वास घेतला होता. हे मी यशूलाही सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

मी ज्याला काळजी म्हणत होते, ती लाज होती. माझी. तिची नाही.

काल वहिनी ओट्यापाशी आल्या. "मावशी, अजून एक पुस्तक आलंय. सफाई करणाऱ्यांवर आहे. या शनिवारी यशूला आणा ना. मागच्या वेळी फार मदत झाली तिची."

माझे हात कणकेत होते. मला बोलता येत नाही, घरातही माझा आवाज कुणाला फारसा ऐकू येत नाही. मी कणकेकडे बघूनच म्हटलं, "आणीन. पण आतलं दार उघडं ठेवायचं. आरव आणि सगळी मुलं बाहेर बसतील. सगळ्यांनी मिळून वाचायचं. यशू आधी वाचणार नाही."

वहिनी म्हणाल्या, "अहो, तुम्हाला वाईट वाटलं का? आमच्या मनात तसं काही नव्हतं. आम्ही मानत नाही, तुम्हाला माहितीये."

"मग आरवला सांगायला काय भीती आहे, वहिनी?"

त्यांचा चेहरा लाल झाला. म्हणाल्या, "तो लहान आहे हो."

"यशू पण."

त्या बाहेर गेल्या. मी पोळ्या लाटल्या. नीट फुगल्या नाहीत. निघताना त्या म्हणाल्या, "बघू शनिवारचं." माझं काम राहील की जाईल, माहीत नाही. मुलुंडला स्वयंपाकाची घरं आणखी आहेत.

शनिवारी मी जाणार आहे. यशूला घेऊन. निळा फ्रॉक नाही, रोजचाच. आतलं दार बंद असेल तर उंबऱ्यावरूनच मागे फिरेन. पण फिरण्याआधी त्या चौघींसमोर एक वाक्य बोलायचं आहे. यशूच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांच्यासमोर दिलं होतं, ते त्यांच्यासमोरच बदलायचं. डायरीत लिहायचं तर लिहू दे त्यांना.

हो यशू. ते आपलं आहे.