शंभराच्या आत

उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसणाऱ्या त्या माणसाला सगळे बांबू म्हणत. कामाला लागला तेव्हा तो खरोखरच तसा होता, उंच, सरळ आणि आत पोकळ. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, अंगावर थोडं मांस धरलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. एकोणीस वर्षं तो दोराला लटकून बाराव्या, अठराव्या, बाविसाव्या मजल्यांच्या काचा पुसत होता आणि एवढ्या वर्षांत त्याला साधा ओरखडा उठला नव्हता. मग एका रविवारी घरात बल्ब बदलायला तो स्टुलावर चढला आणि पडून घोटा मोडून घेतला. स्टूल होतं जेमतेम दीड हात उंच.

पाय तीन महिने प्लास्टरमध्ये होता. बायकोने मनापासून सेवा केली, आणि तिची सेवा म्हणजे ताट. "हाड जुळायला हवं ना," म्हणत ती वाढायची. हाड जुळलं, आणि त्याच्याबरोबर बाकीचंही बरंच काही येऊन जुळलं. तो कामावर परतला त्या सोमवारी भांडारातल्या काट्यावर उभा राहिला. एरवी त्या काट्यावर साबणाची पोती तोलत. आकडा आला एकशे बारा.

शंभर किलोंच्या वरच्या माणसाला दोर नाही, असा कंपनीचा नियम होता. कमरेचा पट्टा, कड्या, बसायची फळी, सगळं त्याच मापाने बेतलेलं. सुपरवायझर बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "नियम काही मी केलेला नाही. शंभराच्या आत या, त्याच दिवशी वर पाठवते. पण महिने काढू नका. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी कोण कुणाबरोबर वर जाणार, त्या जोड्यांची यादी पक्की होते, मग वर्षभर कुणाची अदलाबदल नाही."

बांबूला जमिनीवरचं काम मिळालं. इमारतीखालच्या फुटपाथला दोरी लावायची, येणाऱ्याजाणाऱ्याला पलीकडून जायला सांगायचं, बादल्या भरून ठेवायच्या. उरलेल्या वेळात तो वर बघायचा. वर दोन ठिपके सरकत असायचे. त्यातला डावीकडचा मुनी, आणि उजवीकडचा, जिथे बांबूने असायला हवं होतं, तिथे एक रंगारी होता. चाळिशी उलटलेला, भिंती रंगवायचं सोडून काचांकडे वळलेला माणूस. कामात चोख होता, नाव ठेवायला जागा नाही. त्यामुळेच तर बांबूला तो बघवत नसे.

मुनी म्हणजे बांबूचा एकोणीस वर्षांचा जोडीदार. कंपनीत सगळ्यांना वाटे, हा माणूस जन्मतःच मिठाची गुळणी धरून आलाय. चहाला बसला तर चहा प्यायचा, हसू आलं तर भुवई उचलायचा. पण दहाव्या मजल्याच्या वर गेलं, दोघांची तोंडं काचेकडे झाली आणि मध्ये हातभर अंतर राहिलं, की मुनी बोलायला लागे. अगदी सावकाश, वायपरच्या एकेका ओढीबरोबर एकेक वाक्य. त्याची आई वीज कडाडली की कपाटात जाऊन बसायची. सख्ख्या भावाशी तो एका कोटापायी अकरा वर्षं बोलला नव्हता. तरुणपणी एका वाचनालयातल्या बाईसाठी त्याने एकच पुस्तक चार वेळा घरी नेलं, चारही वेळा परत केलं, आणि जे विचारायचं ते विचारलंच नाही. हे सगळं बांबूने एकट्याने ऐकलं होतं. घरी बायकोलासुद्धा त्याने त्यातलं काही सांगितलं नव्हतं.

जमिनीवर मात्र दोघांचं जमतच नसे. पहिल्या आठवड्यात बांबूने चहाच्या वेळी विचारून पाहिलं, "काय रे, भावाचं काही कळलं का?"

मुनी कपात बघत म्हणाला, "चहा गार होतोय."

बांबूने मनाशी ठरवून टाकलं की हे बोलणं उंचीचं आहे. वर हवा वेगळी, तिथे माणूस मोकळा होतो. आता मुनी वर रंगाऱ्याशी बोलत असणार. आईचं, भावाचं, त्या वाचनालयातल्या बाईचं, सगळं त्या परक्याला सांगत असणार. या विचारात तो दिवसभर मान वर करून राहायचा. संध्याकाळी मान दुखायची, बायको तेल चोळायची आणि विचारायची, "अहो, जमिनीवर काम करून मान कशी दुखते?"

मुलगी दुसऱ्या गावी नर्सिंग शिकत होती. तिने बापाला मनगटावरचं घड्याळ पाठवलं आणि एक कागद. कागदावर लिहिलं होतं, दिवसाला अठराशे कॅलरी, आणि कशात किती त्याची यादी. घड्याळ किती कॅलरी जळल्या ते दाखवायचं. बांबूने जिने चढायचं व्रत घेतलं. पहाटे घरच्या इमारतीचे पाच मजले दहा वेळा. संध्याकाळी कामावरच्या इमारतीचे बारा मजले तीन वेळा. दिवसभरात घड्याळ म्हणे, सातशे.

आता या सातशेचं काय करायचं? घरात त्याचीच चर्चा. बायकोचं मत स्पष्ट होतं. "कागदावर अठराशे आहेत ना? मग जाळले ते परत खायचे. चुलीत लाकडं जळली की आपण दुसरी घालतोच ना?" बोलणं इतकं सरळ होतं की बांबूला त्यात खोट दिसेना, आणि भूक लागलेल्या माणसाला ती दिसतही नाही. तो घड्याळात बघून खाऊ लागला. सातशे म्हणजे दोन अंडी, दोन केळी, जास्तीचा भात, वर बटाटे. जिना चढताना तो मजले मोजत नसे, बटाटे मोजत असे.

महिन्याने काट्यावर उभा राहिला. एकशे साडेअकरा.

"ये रे माझ्या मागल्या," भांडारवाला म्हणाला आणि साबणाचं पोतं काट्यावर ठेवायला घेतलं.

त्या रात्रीच्या जेवणाआधी बांबूने मुलीला फोन लावला. ती आधी हसली, मग शिकवणीच्या आवाजात सांगू लागली. "बाबा, ते घड्याळ खुशमस्कऱ्या आहे. चारशे जाळले तर सातशे सांगतं. शिवाय तू नुसता खुर्चीत बसलास तरी शरीर थोडं जाळतंच. घड्याळ तेही त्यात धरतं, आणि मी अठराशेमध्ये ते आधीच धरलंय. म्हणजे तू एकच घास दोनदा खातोयस."

"म्हणजे परत खायचं नाही."

"मी तसं कुठे म्हटलं? अर्धं खा. ज्या दिवशी जास्त चढशील त्या दिवशी तर नक्की खा. हातपाय थरथरायला लागले तर हिशोब गुंडाळून ठेव आणि जेव. सावकाश उतरू दे. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," तो म्हणाला. पण त्याने ऐकलं होतं फक्त घड्याळ खोटं आहे एवढंच. यादी पक्की व्हायला आठ आठवडे उरले होते, आणि सावकाश या शब्दाला त्याच्या घरात जागा नव्हती. अर्धं नाही नि पाव नाही, जळलं ते जळलं, असं त्याने ठरवलं. काही दिवसांनी अठराशेचेही पंधराशे केले, मग बाराशे. बायकोला म्हणायचा, कामावर खाल्लं. कामावर म्हणायचा, घरून खाऊन आलो. दोन्हीकडच्यांना ते खरं वाटे, कारण याआधी ते खरंच असायचं.

वजन उतरू लागलं. एकशे नऊ, एकशे सहा, एकशे तीन. पट्ट्याला भोकं पाडून घ्यावी लागली. लोक म्हणाले, बांबू पुन्हा बांबू झाला. त्याला जिन्याच्या सातव्या मजल्यावर डोळ्यांपुढे काजवे दिसत, तेव्हा तो कठड्याला धरून उभा राहायचा आणि मनात मुनीचा आवाज आणायचा प्रयत्न करायचा. पण आवाज नीट येईना. वाक्यं आठवत होती, वायपरची ओढ आठवत होती, पण आवाज विरत चालला होता. माणूस रोज समोर दिसतो आणि तरी त्याची आठवण येते, हे कुणाला सांगणार? लोक म्हणतील, डोक्यावर परिणाम झालाय. तो खाली उभा राहून त्या दोन ठिपक्यांकडे बघायचा आणि त्याला वाटायचं, आपण कुणाच्या तरी बंद दाराबाहेर उभे आहोत आणि आत आपलंच माणूस हसतंय.

शेवटच्या आठवड्यात हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. एकशे एकवर काटा अडून बसला. महिन्याचा शेवटचा दिवस सोमवारी येत होता. शनिवारपासून बांबूने जवळजवळ काही खाल्लं नाही, पाणीसुद्धा घोट घोट. सोमवारी सकाळी तो काट्यावर चढला, बूट काढून, खिशातल्या किल्ल्या भांडारवाल्याच्या हातात देऊन. नव्व्याण्णव किलो सातशे.

बाईंनी आकडा वाचला, चष्मा कपाळावर सरकवून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "बरे आहात ना?"

"एकदम."

"मग जा वर. आजचा दिवस नीट गेला तर संध्याकाळी यादीत घालते."

तो गच्चीवर पोचला तेव्हा मुनी दोर तपासत होता. त्याने बांबूला पाहिलं आणि भुवई उचलली, नेहमीपेक्षा बरीच उंच. बांबूला रडू फुटेल की काय असं झालं. वारा तोच होता, पाण्याच्या टाकीचा तोच आवाज, खाली तीच खेळण्यातल्यासारखी गल्ली. सहा महिन्यांनी तो आपल्या जागेवर उभा होता. त्याने पट्टा चढवला, दोर हातात घेतला आणि कडी लावायला गेला.

कडी लागेना. बोटं थरथरत होती. त्याने मूठ आवळली, सोडली, पुन्हा प्रयत्न केला. कडी पट्ट्याच्या लोखंडावर टकटक वाजत राहिली. कपाळावर गार घाम आला आणि कठडा जरासा हलल्यासारखा वाटला. तिसऱ्या खेपेला कडी लागली. लागली म्हणजे आता फक्त पाय पलीकडे टाकायचा होता. कुणालाच काही कळलं नसतं.

पण एकाने चूक केली की दुसऱ्यालाच त्याला धरायला जावं लागतं. मुनी गेला असता, विचारही न करता. बांबूने त्याच्याकडे पाहिलं, आणि एकोणीस वर्षांत एकदाही न उच्चारलेला शब्द उच्चारला.

"नाही."

या धंद्यात गच्चीवर कुणी नाही म्हटलं, तर का असं विचारत नाहीत. मुनीनेही विचारलं नाही. त्याने पुढे होऊन बांबूची कडी स्वतः काढली. खाली रंगाऱ्याला बोलावणं गेलं. तो आला, पट्टा चढवून मुनीच्या उजवीकडे बसला, आणि दोघे कठड्यापलीकडे उतरून दिसेनासे झाले.

बांबू टाकीला टेकून बसला. रंगाऱ्याने जाताना स्वतःचा डबा त्याच्या मांडीवर ठेवला होता. डब्यात भात होता, उकडलेली अंडी, दोन केळी. त्याने झाकणाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग घड्याळ काढून खिशात टाकलं आणि खायला लागला. आजचं, कालचं, मागच्या आठ आठवड्यांचं, सगळं तो परत खात होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. संपलं सगळं. यादी गेली, वर्ष गेलं. निदान दोन शब्द तरी ऐकावेत म्हणून तो कठड्याशी सरकला आणि कान लावून बसला. मुनी कुठली गोष्ट सांगतोय? आईची? कोटाची? खालून नुसता काचेवर रबर ओढल्याचा आवाज येत होता. अर्धा तास गेला, तास गेला. शब्द एक नाही.

दुपारी रंगारी आधी वर आला. रिकामा डबा पाहून खूश झाला आणि हळूच म्हणाला, "तुम्ही एकोणीस वर्षं कशी काढलीत हो याच्याबरोबर? सहा महिने झाले, वर एक अक्षर बोलला नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, मुकाच आहे."

रंगारी हात धुवायला निघून गेला.

मग मुनी कठड्यावरून आत आला. दोर गुंडाळू लागला. बांबूच्या मनात सहा महिन्यांचं साठलं होतं, पण त्यातलं काय आधी काढावं ते कळेना. शेवटी तो एवढंच म्हणाला, "मला तुझं बोलणं ऐकायचं होतं रे. त्यासाठी केलं हे सगळं."

मुनीचे हात थांबले. त्याने दोर खाली ठेवला आणि तो बांबूच्या शेजारी जमिनीवर बसला. मग म्हणाला, "सकाळी बाईंना भेटून आलो होतो. यादीत माझ्या नावापुढची जागा रिकामी ठेवायला सांगितलीय. ऐकत नव्हत्या. मग बोलावं लागलं."

"किती बोललास?"

"पुष्कळ."

बांबूला हसू आलं आणि रडूही आलं. मुनीने त्याची थरथरणारी बोटं आपल्या हातात घेऊन दाबून धरली.

"जेवून येत जा," तो म्हणाला. "दोन महिने लागोत, सहा लागोत. मी थांबलोय."