मुलीचा निबंध आणि पाटावरचा गणपती

मुलगी इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास आमच्या गणपतीच्या कारखान्यात बसून करायची. पेणजवळच्या आमच्या हमरापूरला दिवसभर घराघरांतून रंगाचे कंप्रेसर चालतात. आमच्या ओटीवर तर रंगारी, टीव्ही आणि आल्यागेल्याची बडबड. मागची मूर्ती सुकवायची खोली तेवढी शांत. तिनं तिथं एक खुर्ची नेली आणि दोन डब्यांवर फळी टाकून टेबल केलं.

ती रोह्याला एका दवाखान्यात नर्स होती. परदेशातल्या इस्पितळानं तिला निवडलं होतं, पण आधी इंग्रजीची परीक्षा पास व्हायला हवी होती. ऐकणं, वाचणं, बोलणं तिला जमलं. लिहिण्यात मात्र ती राहिली. ते लोक आणखी एकदाच थांबणार होते. पुन्हा राहिली तर जागा दुसरीला.

मी चौथी शिकलेली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, त्यामुळे ते माझ्या वाट्याला आलंच नाही. पण ती लिहीत असली की मी तिथंच मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत बसायचे. दोन्ही कामं न बोलता करायची. तिनं मोबाइलवर वेळ लावलेली असायची आणि माझ्या हातात बारीक ब्रश. भिंतीला लागून गणपती बसलेले. मुकुट, दागिने, ओठ, नखं, सगळं रंगवलेलं. फक्त डोळ्यांच्या जागी पांढरं.

बाहेरगावी जाणाऱ्या मूर्तींचे डोळे आम्ही सवडीनं करतो. पाटावरच्या गणपतीचं तसं नाही. गिऱ्हाईक आपल्या घरचा पाट आणून ठेवतं, त्यावर त्याचा गणपती बसतो, आणि न्यायला येईल त्याच दिवशी डोळे उघडायचे, ही माझ्या सासूची शिस्त. डोळे उघडले की तो निघाला. मग त्याला ताटकळत ठेवायचं नाही.

मुलीच्या खुर्चीमागे असाच एक पाटावरचा गणपती होता, पण मागच्या वर्षीचा. रोह्याकडच्या एका खेड्यातलं घर दरसाल आपल्या पाटावर मूर्ती न्यायचं. मागच्या वर्षी कुणी आलंच नाही. फोन लागेना. पाट दुसऱ्याचा, म्हणून मूर्ती विकताही येईना. ती वर्षभर तशीच, डोळ्यांविना बसून होती. पाटावर जुन्या कुंकवाचे डाग.

एकदा मुलीनं मला अभ्यासातला कागद दाखवला. दोन नकाशे होते. पहिल्यात खाडी, शेतं, घरांची ओळ. दुसऱ्यात तीच खाडी, पण मोठा रस्ता आणि कारखान्यासारखं काहीतरी.

"हे आधीचं गाव आणि हे आताचं. काय बदललं ते लिहायचं," ती म्हणाली.

"आणि ह्या घरांतली माणसं गो? ती कुठं गेली?"

"ते नाय लिहायचं. चित्रात दिसतं तेवढंच लिहायचं."

"कुणी विचारत पण नाय?"

"नाय गो आई. विचारलं तर मार्क जातील."

मला त्या पाटवाल्यांची आठवण झाली. मुलीचे बाबा रोह्याला गेले होते तेव्हा त्यांच्या गावी चौकशीला जाऊन आले होते. परत येऊन एवढंच म्हणाले, "घर होतं तिथं कंपनीचं गेट हाय. वॉचमनला काय ठाव नाय."

नकाशाचं तिला जमायला लागलं. अडायचं ते मोठ्या निबंधाला. सगळं लिहून व्हायचं आणि शेवटच्या परिच्छेदाशी हात थांबायचा. पेणला क्लासचे सर तिला म्हणत, "शेवट नसलेला निबंध म्हणजे अर्धा निबंध." दुपारी मी बघायचे. वेळ चालू आणि पेन कागदावर नुसतं टेकलेलं. मग मोबाइल वाजायचा.

"काय होतं गो तुला?"

"मागनं कोणतरी वाचतंय असं वाटतं."

मी हसले. "वाचायला डोळे नकोत?"

"म्हणूनच," ती म्हणाली. "डोळे नाय म्हणून तो पण पुरा व्हायची वाट बघतोय."

मी खुर्ची दुसरीकडे ठेवते म्हटलं. नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं ती स्वतःच सरकवली. तरी हात तिथंच थांबला.

परीक्षेला ती पहाटेच्या एसटीनं मुंबईला गेली. मला घरात बसवेना. मागच्या खोलीत गेले. उजेड नीट पडल्यावर त्या गणपतीवरची धूळ पुसली आणि रंग कालवला. न्यायला कुणी येणार नव्हतं. सासू असती तर हात धरला असता. पण मनात एकच होतं, ह्याचं संपल्याशिवाय तिचं संपायचं नाही. उजवा डोळा केला, मग डावा. बुबुळात पांढरा ठिपका दिला आणि मागे सरले. तो माझ्याकडे बघत नव्हता. खुर्चीकडे बघत होता.

मी दिवा लावला आणि दार ओढून घेतलं.

संध्याकाळ व्हायच्या आत ती आली. चप्पल काढतानाच म्हणाली, "आई, पुरा लिहिला. शेवट पण."

"थांबला नाय हात?"

"थांबला होता. मग समोरून कोणतरी बघतंय असं वाटलं. मान वर केली तर भिंत. पण त्यानं सांगितल्यासारखा हात चालला."

आपली वही आणायला ती मागे गेली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "हे कधी केलंस?"

"सकाळी."

वही तिनं मलाच आणायला लावली.

ती पास झाली. गणपतीच्या आधीच गेली. त्या मूर्तीला तिच्या बाबांनी घरच्या गणपतीशेजारी बसवलं आणि त्याच्याबरोबरच विसर्जन केलं. पाट मात्र दुसऱ्याचा. तो धुऊन मी परत त्याच्या जागी ठेवला. खुर्ची हलवली नाही. दोन्ही रिकामी आहेत. फोनवर मुलगी सगळ्यांची चौकशी करते, त्या खोलीची करत नाही.

आखणीला मी अजून तिथंच बसते. फक्त आता पाठ भिंतीला लावून बसते.