डिस्कवरचा बांध

परवा दुर्गदबैलाच्या बाजारात एका दुकानदारानं जुना कॉम्प्युटर चालू केला, आणि तापलेल्या धुळीच्या वासासरशी मी धारवाडच्या आमच्या जुन्या ऑफिसात जाऊन पोचलो.

अळणावरकडच्या म्हाताऱ्यांच्या बोलीची सगळी रेकॉर्डिंग्ज तिथल्या युनिक्स मशीनच्या एकाच डिस्कवर होती. त्या सकाळी रेकॉर्डिंग्ज असलेला डिस्कचा भाग उघडेना. त्याची नोंदलेली हद्द शेजारच्या भागात घुसली होती. चुकीच्या हद्दीवर चालली तर रेकॉर्डिंग्जच पुसून टाकील अशी दुरुस्तीची कमांड मी घाईनं द्यायला गेलो, तशी आमच्या इंजिनिअर शांताअक्कांनी माझा हात धरला. त्या शेतकऱ्याच्या घरच्या.

"तडी रे, थांब! बांध कुठाय ते ठरल्याशिवाय कुणी नांगर घालतं का?"

डिस्कवरच्याच खुणा वाचून त्यांनी खरी हद्द शोधली, नोंदीतला एक आकडा बदलला आणि मशीन पुन्हा चालू केलं. मी एक रेकॉर्डिंग लावलं, तर स्पीकरमधून आदल्या वर्षी वारलेला एक म्हातारा खोकला आणि म्हणाला, "ऐकायलास न्हवं, बाळा?"

तेव्हा वाटलं, अक्कांनी त्याला परत आणलं. आज कळतं, त्यांनी त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. तो कुठं गेलाच नव्हता. नांगराच्या फाळापासून वीतभर अंतरावर तो निवांत बसून होता.