जिभेचं वजन बारा टक्के

ट्रेलरच्या ड्रॉवरमध्ये चमचे जमत जातात. कुणाचे, कुठल्या ट्रिपचे, काही कळत नाही. आमचे किस्से तसेच जमलेत. एक काढायला जावं तर चार हाताला लागतात! शनिवारी जेवणं झाली की ताटं उचलायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ए, ते मिसळीचं सांग ना." मग आम्ही सांगतो, आणि दरवेळी ते थोडं वेगळं होतं.

आम्ही म्हणजे अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगची दोन घरं. मी आणि माझा नवरा प्रसाद, पुण्याचे. मिलिंद आणि सुषमा, नागपूरचे. प्रसाद आणि मिलिंद एकाच ऑफिसात आहेत. दोन घरांनी मिळून एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. आत पलंग, शेगडी, एवढंसं बाथरूम. प्रसाद त्याला 'चाकांवरचं वन बीएचके' म्हणतो. ओढायला मिलिंदचा पिकअप ट्रक.

मी या सगळ्यात खिडकीशी बसून ढग बघणारी. प्रसाद म्हणतो, "ट्रेलरचं सोड यार, खरं तर हिलाच टो करावं लागतं!"

*

ट्रेलर घेतला तो मिलिंदच्या वडिलांसाठी. आम्ही त्यांना काका म्हणतो. तरुणपणी ते दुसऱ्याच्या बैलगाडीवर विटा वाहायचे, मग सरकारी वर्कशॉपमध्ये फिटर झाले, आणि त्या पगारावर त्यांनी मिलिंदला इंजिनियर केलं. सहा महिन्यांसाठी ते अर्विंगला आले तेव्हा त्यांची नजर निम्मी गेली होती. समोरचं धुकट, बाजूचं तेवढं दिसायचं. म्हणून ते मान तिरकी करून बघायचे. हे आता कमीच होत जाणार, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

मिलिंदच्या डायनिंग टेबलापाशी भिंतीवर एक फोटो आहे. न्यू मेक्सिकोतलं पांढऱ्या वाळूचं मैदान, क्षितिजापर्यंत नुसतं पांढरं. एके दिवशी काका त्या फोटोला नाक लावून, मान तिरकी करून बराच वेळ उभे राहिले.

"हे कुठं हाये?"

"इथून दहा-अकरा तास ड्राइव्ह आहे, बाबा."

"मंग दाखव ना मले. दिसते तोवर."

त्या दिवसापासून मिलिंदच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. काकांची पाठ तासाभरात धरायची, मधेमधे आडवं व्हायला लागायचं, बाथरूम तर हाताशीच हवं. म्हणून ट्रेलर. परतीच्या तिकिटाला सहा आठवडे उरले होते.

*

ट्रेलर ट्रकला जोडायचा सांधा, म्हणजे 'हिच', आणायची जबाबदारी प्रसादनं घेतली, ही पहिली चूक.

ट्रकच्या मागे बंपरखाली एक चौकोनी नळी असते, त्यात एक दांडा बसतो, दांड्यावर लोखंडी गोळा, आणि त्या गोळ्यावर ट्रेलरचं तोंड. प्रसादनं नळीवरचं स्टिकर वाचलं आणि आनंदानं फोन केला, "दहा हजार पौंड! आपण हत्तीसुद्धा ओढू!"

दुकानातल्या म्हाताऱ्या टेक्सन बाबानं चष्मा लावून बघितलं. स्टिकरवर दोन आकडे होते. मोठा आकडा, वजन वाटून देणाऱ्या जादा दांड्या लावल्या तर. नुसत्या हिचचा आकडा त्याच्या निम्मा. मग त्यानं प्रसादनं हौसेनं आणलेला चकचकीत गोळा हातात फिरवला. त्याच्या डोक्यावर कोरलं होतं, साडेतीन हजार. आमचा ट्रेलर चव्वेचाळीसशेचा!

मोठा गोळा काढून देत तो म्हाताऱ्या माणसांच्या संथ आवाजात म्हणाला, "ट्रकला एक आकडा, नळीला एक, दांड्याला एक, गोळ्याला एक. त्यातला सगळ्यात लहान असेल तो तुमचा बॉस."

मिलिंदनं चार फूट दहा इंचाच्या सुषमाकडे बघितलं आणि मान डोलावली.

"हे मला माहिती होतं," तो म्हणाला.

*

आता मिसळ.

ट्रेलरचं जे तोंड गोळ्यावर टेकतं, त्याला इंग्रजीत टंग म्हणतात. ते खाली किती भार देतं ते टंग वेट. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावं, असा नियम. मिलिंद शुद्ध मराठीचा भोक्ता. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासतो. त्यानं आमच्या ग्रुपवर बाणेदारपणे मेसेज टाकला: "रविवारी अकरा वाजता सर्वांनी या. जिभेचं वजन करायचं आहे."

मला वाटलं, चवीचा काहीतरी कार्यक्रम आहे. किती छान कल्पना, म्हणून मी मिसळ केली. तर्री वेगळ्या डब्यात, कांदा, लिंबू, फरसाण. प्रसादनं श्रीखंड घेतलं. आम्ही नटूनथटून पोचलो तर मिलिंद ड्राइव्हवेवर पालथा पडलेला, कोपरापर्यंत ग्रीस!

"वजनकाटा आणला का?" त्यानं खालूनच विचारलं.

मी तर्रीचा डबा पुढे केला.

*

काटा मग आमच्याच घरून आणला. फोनला जोडलेला, स्मार्ट. एक जाड फळी. तिचं एक टोक विटांवर, दुसरं काट्यावर. ट्रेलरची जीभ फळीवर टेकवायची, विटांपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट. मग काट्यावर येईल ते गुणिले तीन. मिलिंद जॅक फिरवत होता, जीभ हळूहळू खाली येत होती, आणि आम्ही सगळे मिसळीच्या वाट्या हातात धरून श्वास रोखून उभे होतो.

काट्यावर आकडा आला, एकशे शहात्तर पौंड. त्याच क्षणी माझा फोन वाजला. काट्यानं वजन ओळखलं होतं.

"वेलकम बॅक, प्रसाद!" मी वाचून दाखवलं. "अचूक मापासाठी कृपया मोजे काढा."

प्रसाद चार फुटांवर उभा राहून श्रीखंड खात होता. त्या दिवसापासून आमच्या ट्रेलरचं नाव प्रसाद आहे.

एकशे शहात्तर गुणिले तीन, पाचशे अठ्ठावीस. चव्वेचाळीसशेचे बरोबर बारा टक्के. मिलिंदनं हिशेब दोनदा केला आणि पायरीवर बसलेल्या काकांना जाऊन सांगितलं, "बाबा, सगळं रेटिंगच्या आत आहे. आता जायचं." काका मिसळ खात होते. त्यांनी नुसता हात वर केला.

*

वजन केलं रविवारी. सामान भरलं पुढच्या शुक्रवारी. हा फरक तेव्हा कुणाच्याच लक्षात आला नाही, आणि सामान भरलं मी आणि सुषमानं.

ट्रेलरमध्ये सगळ्यात मोठी जागा मागच्या पलंगाखाली. तिथे तांदळाची पिशवी, कणीक, दोन कुकर, पाण्याच्या बाटल्यांचे सहा खोके, इडलीसाठी ग्राइंडर, घडीच्या खुर्च्या, आणि काकांची पत्र्याची पेटी. प्रसाद म्हणाला, "ग्राइंडर? आपण चार दिवस चाललोय ना?" सुषमा म्हणाली, "मग चार दिवस काय खाशील?"

शनिवारी सकाळी निघालो. शहर मागे पडलं, आभाळ रुंद होत गेलं. पुढे पवनचक्क्या लागल्या. शेकडो, पांढऱ्या, सगळ्या एकाच लयीत पण थोड्या पुढेमागे फिरणाऱ्या. बघता बघता माझे डोळे मिटायला लागले. गाडी चालली आहे की मी तरंगते आहे, ते कळेना. मला वाटतं, त्या रस्त्यावर माणूस जागा असला तरी थोडा झोपेतच असतो.

शेजारी काका डोळे मिटून बसले होते. एकदम म्हणाले, "मिलिंद, गाडी उलाळ झाली. थांबव."

"काय झाली, बाबा?"

"उलाळ. मागं जड, पुढं हलकी. धुरेवर भारच नाई."

"बाबा, सगळं रेटिंगच्या आत आहे. मी स्वतः मोजलंय."

"मोजलं असन. थांबव."

तेवढ्यात एक मोठा ट्रक बाजूनं गेला, आणि आमचा ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागला. डावीकडे, उजवीकडे, दरवेळी थोडा जास्त. मागून पिकअपलाही ओढायला लागला. सुषमानं डॅशबोर्ड घट्ट धरला. मिलिंदनं मुख्य ब्रेकला पाय लावला नाही, ॲक्सिलरेटर सोडला आणि फक्त ट्रेलरच्या ब्रेकची कळ हळूहळू दाबली. डोलणं कमी होत गेलं. मग बाजूला थांबलो. मला फार भीती वाटली होती, आणि त्याहून जास्त मिलिंदचा चेहरा बघून वाईट वाटलं.

"परत जाऊ," तो म्हणाला. "मी बाबांना घेऊन ही रिस्क नाही घेणार. विषय संपला."

काका दार उघडून हळूहळू खाली उतरले. ट्रेलरला हात लावत लावत मागे गेले. "कोणं भरली गाडी?"

मी आणि सुषमानं शाळेतल्यासारखे हात वर केले.

"मी मोजलं होतं, बाबा," मिलिंद परत म्हणाला. आवाज रडवेला होता.

काका म्हणाले, "तुह्या कागदावर जास्तीत जास्त किती चालते ते लिवलं हाये. कमीत कमी किती लागते, ते पाह्यलं का?"

*

परत जायचं तरी भार नीट लावायला हवाच होता, म्हणून हळूहळू पुढच्या रेस्ट एरियात गेलो आणि तिथे आमची गाडी उतरवायचा कार्यक्रम. काका घडीच्या खुर्चीत बसून सांगत होते, आम्ही वाहत होतो. पाण्याचे खोके चाकांच्या पुढे. तांदूळ अजून पुढे. पेटी नेमकी जिभेच्या जवळच्या कपाटात. बैलगाडीत विटा कशा रचायच्या, बैलाच्या मानेवर किती भार आला की तो नीट चालतो, मान दबली तर काय आणि जू वर उचललं गेलं तर काय, हे सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. बैल धुरजड, म्हणजे पुढे जड, गाडीला कुरकुरतो, उलाळ गाडीला घाबरतो, म्हणाले.

एक अमेरिकन ट्रकवाला कॉफी पीत बघत होता. शेवटी त्यानं न राहवून विचारलं, "हे गृहस्थ इंजिनियर आहेत का?"

प्रसाद ग्राइंडर छातीशी धरून उभा होता. "नाही," तो म्हणाला. "इंजिनियर आम्ही आहोत."

पुढच्या ट्रक स्टॉपवर मोठा काटा होता. तिथे वजन केलं तर जिभेवर तेरा टक्के. पण मिलिंद कागद हातात घेऊन काकांच्या खिडकीशी गेला आणि त्यानं विचारलं, "बाबा, चालेल का? जाऊ या का पुढे?"

काका सीटवर थोडे हलले, जशी गाडी जोखून बघावी. "आता चालते. हाक."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथे पोचलो. ऊन कोवळं होतं आणि दुसरं माणूस नव्हतं. गाडीचं दार उघडलं आणि आवाजच गेले. सगळीकडे पांढरं. उंचवटे पांढरे, खोलगट जागा किंचित निळसर, आणि वरचं आभाळ इतकं जवळ की मला वाटलं, आपण चालायला लागलो तर परत यायची आठवणच राहणार नाही.

मिलिंदनं काकांचा कोपर धरला होता. कित्येक आठवडे तो याच एका क्षणाची वाट बघत होता, आणि आता त्याला विचारायचा धीर होत नव्हता. शेवटी विचारलं, "बाबा, दिसतंय का?"

काकांनी मान तिरकी केली. आधी डावीकडून बघितलं, मग उजवीकडून. बराच वेळ.

"एवढा कापूस फुटला," ते म्हणाले, "न् वेचाले कोनीच नाई?"

प्रसाद हसला. सुषमा हसली नाही. ती माझ्या कानाशी म्हणाली, "लहानपणी आईबरोबर लोकांच्या शेतात वेचणीला जायचे गं."

काकांनी गळ्यातला मफलर सोडला आणि कमरेला ओटीसारखा बांधला. वाकले. मुठीत पांढरं घेतलं, ओटीत टाकलं. एक पाऊल पुढे सरकले, परत वाकले. ते गंमत करत होते का, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी मिलिंदकडे बघत होते. आता हा म्हणणार, बाबा, हा कापूस नाही, ही जिप्समची वाळू आहे. त्यानं तोंड उघडलंही. मग मिटलं. अंगातलं जॅकेट काढलं, बाह्यांची गाठ मारून कमरेला बांधलं आणि काकांच्या शेजारी जाऊन वाकून उभा राहिला.

"बाबा, माझी पात कोणती? कुठल्या ओळीनं वेचू?"

काका थांबले. त्यांनी हात पुढे करून मिलिंदच्या कमरेवरची गाठ चाचपली. दोन्ही हातांनी ती सावकाश सोडवली, जॅकेट झटकलं आणि त्याच्या हातात परत दिलं.

"तू नाई," ते म्हणाले. "तू शाळेत जाय."