कार्बन कॉपीतल्या दोन ओळी

नार्व्याच्या देवळात मी वर्षातून एकदा जातो, तेही बायको नेते म्हणून. भुतंखेतं, पूर्वसूचना वगैरे मी मानत नव्हतो. आजही मानतो असं नाही... पण ही गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

गोवा घटक राज्य झालं, त्या पावसाळ्यानंतरचे दिवस. साखळीजवळच्या एका खाणीवर मी शिफ्ट क्लार्क होतो. सकाळी खाणीत फेरी मारायची आणि कार्बन घालून रिपोर्ट लिहायचा — वरची प्रत ऑफिसात, खालची ड्रायव्हरांच्या शेडमधल्या फळ्यावर.

आमचे सुपरवायझर शिरोडकर माझ्या रिपोर्टवर वैतागायचे. मराठी की कोंकणी, हा वाद तेव्हा चहाच्या टपरीवरही चालायचा. ते म्हणायचे, "खंयच्याय भाषेत लिही बाबा, मराठी नाहीतर कोंकणी. पण कुठं, काय आणि कोणी करायचं ते लिही. 'काळजी घ्यावी' म्हणजे नेमकी कोणी घ्यायची?"

त्या सकाळी खाणीतल्या रस्त्याच्या खालच्या वळणावर, वरच्या दरडीत मला बोटभर भेग दिसली. ऑफिसात मॅनेजरसाहेब रिपोर्टसाठी खोळंबले होते. मी घाईत लिहिलं — 'खालच्या वळणावर दरडीस भेग. काळजी घ्यावी.' सही ठोकली आणि खालची प्रत न बघताच फळ्यावर टाचली.

दुपारी एकच्या सुमारास धाडकन आवाज झाला. मी धावत गेलो. दरड वळणावरच कोसळली होती — जिथं सहा ड्रायव्हर रोज टिपर सावलीला लावून जेवायचे. पण धूळ खाली बसली तेव्हा दिसलं, तिथं एकही गाडी नव्हती.

सगळे वर शेडमध्ये होते. दोडामार्गकडचा भिकाजी, त्यांच्यातला सगळ्यात जुना, हातात भाकरी धरून उभा होता.

"आज वर कसे आलात?" मी विचारलं.

त्यानं भाकरीच्याच हातानं फळा दाखवला. "तुमीच लिवलात मां? ता वाचून इलंव."

मी फळ्याजवळ गेलो. कार्बनच्या निळ्या अक्षरात माझी ओळ होती. त्याखाली आणखी दोन ओळी — 'वळणावर गाडी लावू नये. सर्वांनी जेवायला वर शेडमध्ये यावे.' अक्षर माझं. सही त्या ओळींच्या खाली.

"मागाहून कोणी लिहिलं का यावर?"

"नाय. तुमी टाचलात तेव्हा मी थयच होतंय. तेव्हाच वाचलंय."

ऑफिसात जाऊन वरची प्रत काढली. माझी ती एकच ओळ आणि लगेच खाली सही. कागद उलटा करून बोट फिरवलं... त्या दोन ओळींच्या दाबाची खूणसुद्धा नव्हती.

दोन्ही कागद शिरोडकरांपुढे ठेवले. त्यांनी दोन्हीवरचं अक्षर ताडून पाहिलं. "दोन्ही तुझेच," एवढंच म्हणाले.

अपघाताचा अहवालही मीच लिहायचा होता. छापील फॉर्मात एक रकाना — 'कामगारांना सूचना कोणी दिली?' अर्धा तास पेन धरून बसलो. शेवटी माझं नाव लिहिलं. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. भिकाजी पुढे कधी बाजारात भेटला की हात जोडायचा, आणि मी दुसरीकडे बघायचो.

त्या ओळी कोणी लिहिल्या, मला आजही माहीत नाही. त्या मी लिहायला हव्या होत्या, एवढंच माहीत आहे.