धावपट्टीवरचे आबा

शहराची थोरवी त्याच्या विमानतळावरून कळते म्हणतात. धुळ्याबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर कित्येक वर्षं विमानं क्वचितच उतरली. स्कूटर शिकणारे मात्र रोज पडले. आता तिथे वैमानिक शिकतात.

कुंपणालगत फिरताना तिथला म्हातारा रखवालदार मला रोज दिसतो. वाकून धावपट्टीवरचे खडे वेचतो आणि खिशात टाकतो.

"आबा, झाडू मारा की," मी एकदा म्हणालो.

"झाडूले डोया नही ऱ्हातस, भाऊ," तो मान वर न करता, स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवत म्हणाला.

परवा एक मुलगी पहिल्यांदाच एकटीने विमान उतरवत होती. विमान अगदी खाली आलं आणि तेवढ्यात तीन बकऱ्या धावपट्टीच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. म्हातारा सरळ विमानाच्या दिशेने धावला. "हाट! मरशात बठ्ठ्या!" बकऱ्या उधळल्या, तो कडेच्या गवतात पडला आणि विमान त्याच्या शेजारीच सुखरूप टेकलं. कुंपणाबाहेर मी नकळत हात जोडले होते.

मुलगी धावत येऊन त्याच्या पाया पडली.

"ऱ्हाऊ दे, माय," म्हणत तो घाईघाईने बकऱ्यांना दोरी लावू लागला. बकऱ्या त्याच्याच होत्या.